बर्फाळ चंद्रांवर जीवाची रासायनिक खूण: मोजायचं नेमकं काय आणि कसं?

तापीखोरं

एन्सेलाडसच्या फवाऱ्यात सेंद्रिय रेणू दिसले की आपल्याकडच्या गटांवर "शनीच्या चंद्रावर जीव सापडला" हा फॉरवर्ड हमखास येतो. ऑक्टोबर २०२५ मध्येही आला. गोंधळ "सेंद्रिय" या शब्दापासूनच सुरू होतो, कारण आपल्या मनात सेंद्रिय म्हणजे शेणखत. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, एवढंच. त्या हिशोबाने डांबरही सेंद्रिय.

आजवर पक्कं झालेलं थोडक्यात: एन्सेलाडसचा व्यास जेमतेम ५०४ किमी. म्हणजे मुंबईहून भुसावळपर्यंत जाऊन पुढे थोडं. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या चार भेगांतून पाण्याचे फवारे दिसले. त्या पाण्यात मीठ, अमोनिया, मिथेन, कार्बन डायऑक्साइड आहे. २०१७ मध्ये हायड्रोजन जाहीर झाला, २०१८ मध्ये २०० अणुवस्तुमान एककांहून जड सेंद्रिय रेणू, २०२३ मध्ये फॉस्फेट.

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या बीएस्सीच्या मुलांसमोर हा विषय मांडायचा आहे. तीन गोष्टी हव्यात: खूण म्हणायची कशाला, यंत्र कुठे फसतं, आणि आपल्या प्रयोगशाळेत यातलं काय करून दाखवता येईल. आकडे आणि कृती द्या, अनुभवकथन नको.

---

केळीवाडी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रावेर-यावलच्या रायपनिंग चेंबरमध्ये आहे. केळी पिकवायला इथिलीन साधारण १०० पीपीएम देतात, २४ तास. केळं पिकताना स्वतःही इथिलीन सोडतं. सिलिंडरमधलं इथिलीन पेट्रोलियमपासून बनवलेलं असतं. चेंबरमधल्या हवेचा नमुना घेतला तर यातला कुठला रेणू फळाचा आणि कुठला सिलिंडरचा हे रेणू बघून कळणार नाही. दोन कार्बन, चार हायड्रोजन, रेणू तोच. भेद काढायचा तर कार्बन-१४ मोजावा लागेल. फळात तो असतो, पेट्रोलियममध्ये केव्हाच संपलेला असतो.

एन्सेलाडसच्या मिथेनचं दुखणं हेच आहे. मिथेन सापडणं ही बातमी खरी, पण तो कोणी बनवला हे मिथेन सांगत नाही. आणि तिथे कार्बन-१४ ची सोयही नाही. जीवाने बनवलेला असला तरी बर्फाखालच्या समुद्रातला कार्बन जुनाच.

---

वस्तुमान_२८

केळीवाडी, उदाहरण फार नेमकं पकडलंत, कारण इथिलीन यंत्रालाही फसवतं. माझं टोपणनाव त्यावरूनच आहे.

मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचं नाव वाचत नाही, वस्तुमान वाचतो. वस्तुमान २८ वर तीन जण एकाच बाकावर बसतात:

कार्बन मोनॉक्साइड: २७.९९४९
नायट्रोजन: २८.००६१
इथिलीन: २८.०३१३

पहिल्या दोघांतला फरक ०.०११२. वेगळे दिसायला हवेत तर २८ भागिले ०.०११२, म्हणजे सुमारे २,५०० इतकी विभेदनक्षमता लागते. कॅसिनीवरचं वायू मोजणारं यंत्र पूर्ण एककाचाच फरक ओळखायचं. त्यामुळे आलेखातल्या २८ च्या खांबात कोणाचा वाटा किती, हे रेणू फुटून झालेल्या बाकीच्या तुकड्यांवरून अंदाजाने काढावं लागलं. कार्बन मोनॉक्साइड जास्त धरला तर समुद्राचं रसायन एक निघतं, नायट्रोजन धरला तर दुसरं.

१७ वर तर जास्तच गर्दी. मिथेनमध्ये कार्बन-१३ किती हे कळलं तर जीवाचा संशय तपासता येतो, कारण जीव हलका कार्बन-१२ आधी उचलतात. कार्बन-१३ चा मिथेन १७.०३४७ वर येतो. शेजारी अमोनिया १७.०२६५ वर, आणि पाणी तुटून उरलेला हायड्रॉक्सिल १७.००२७ वर. फवाऱ्यात ९६ टक्क्यांच्या वर पाणीच आहे. मिथेन ०.१ ते ०.३ टक्के, त्यात कार्बन-१३ चा वाटा सुमारे एक टक्का. लग्नाच्या बँडसमोर कानात कुजबुजल्यासारखं आहे ते. अमोनियापासून सोडवायलाच २,१०० विभेदनक्षमता लागते, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट घ्यावी लागते, कारण शेजारचा खांब अवाढव्य असला की त्याचा पायथाच याला गिळतो.

गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्राकडे निघालेल्या युरोपा क्लिपर यानावर मॅस्पेक्स हे यंत्र बसवलं ते यासाठीच. त्यात आयन आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतात. जितक्या फेऱ्या जास्त तितका हलक्या-जडातला अंतराचा फरक वाढतो, आणि विभेदनक्षमता दहा हजारांच्या पुढे जाते.

---

सातपुडा_पायथा

हायड्रोजनबद्दल एक भर, कारण यंत्र स्वतःच खोटी साक्ष कशी देतं ते त्यात दिसतं. कॅसिनीच्या त्या यंत्राची आतली भिंत टायटॅनियमची. वेगात येणारा बर्फाचा कण भिंतीवर आदळला की टायटॅनियमची ताजी वाफ उडते, ती पाण्यातला ऑक्सिजन खेचून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. म्हणजे मोजलेला हायड्रोजन चंद्राचा की भिंतीचा? सुरुवातीच्या फेऱ्यांतला हायड्रोजन या शंकेमुळेच बाजूला ठेवला गेला. २८ ऑक्टोबर २०१५ च्या फेरीत यान ४९ किमी उंचीवरून, सेकंदाला सुमारे साडेआठ किमी वेगाने गेलं आणि भिंतीला न लागता थेट आत येणारे रेणू मोजायची पद्धत वापरली. तेव्हा ०.४ ते १.४ टक्के हायड्रोजन निघाला.

हा हायड्रोजन तळाच्या खडकात गरम पाणी मुरून बनत असावा. लोहयुक्त ऑलिव्हिन खनिजावर पाण्याची क्रिया झाली की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि हायड्रोजन सुटतो. गरम पाण्याचा दुसरा पुरावा सिलिकाचे नॅनोकण. ९० अंशांच्या वरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका गार होताना बाहेर पडते. सावद्याच्या खाणींत बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट बसलेत ते याच तऱ्हेने: गरम पाण्याने खडक विरघळवला आणि गार होताना दुसरीकडे मांडला. मुलांना खडा हातात देऊन दाखवता येईल.

---

अमळनेर_ब्लँक

हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही आहेत, म्हणजे मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची पंगत मांडलेली आहे. चार हायड्रोजन, एक कार्बन डायऑक्साइड, त्यातून मिथेन आणि दोन पाणी. पण ताटं भरलेलीच दिसतात, याचा उलटा अर्थही निघतो: जेवणारं कोणी नाही म्हणून अन्न उरलं. २०२१ च्या एका गणितात असं निघालं की खडक-पाण्याच्या माहीत असलेल्या क्रियांनी एवढा मिथेन भरून निघत नाही. पण चंद्र घडतानाच मिथेन आत कोंडला गेला असेल, तर ते गणितही ढिलं पडतं.

---

निनहायड्रिन

एकट्या रेणूवर भिस्त ठेवायची नाही, हे ठरलं. मग बघायची ती वाटणी. कुठला रेणू किती, कशाच्या तुलनेत किती.

अमिनो आम्लं घ्या. निर्जीव रसायन आळशी असतं. सोपा रेणू भरपूर आणि अवघड रेणू कमी, अशीच त्याची उतरंड. म्हणून तिथे ग्लायसिन सगळ्यांत पुढे. जीव गरजेप्रमाणे बनवतो, त्यामुळे ल्युसिनसारखे मोठे रेणूही ग्लायसिनच्या तोडीचे दिसतात. शिवाय उल्कांमध्ये अमिनोआयसोब्युटिरिक आम्लासारखे काही पाहुणे असतात जे प्रथिनांत लागत नाहीत. ते दिसले की समजायचं, हे भट्टीचं रसायन, पेशीचं नव्हे.

दुसरी वाटणी डावी-उजवी, म्हणजे एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं. पृथ्वीवरची प्रथिनं एल-प्रकारचीच, म्हणजे डावी. बेन्नू लघुग्रहाचे नमुने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आले, त्यांत प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं निघाली, पण डावी-उजवी जवळपास निम्मी-निम्मी. म्हणजे यादी जिवंत, वाटणी निर्जीव. याहून चांगलं उदाहरण वर्गात मिळणार नाही.

सावध राहायचं एका बाबतीत: काही उल्कांत आयसोव्हॅलिनची एल बाजू १५-१८ टक्क्यांपर्यंत जास्त निघाली आहे, जीव नसताना. त्यामुळे थोडासा कल पुरावा ठरत नाही. अनेक अमिनो आम्लांत, एकाच बाजूला आणि ठळक कल हवा.

---

भुसावळ_यार्ड

डावी अमिनो आम्लं म्हणजे पोलॅरीमीटरमध्ये प्रकाश डावीकडे वळवणारी, बरोबर?

---

निनहायड्रिन

नाही भाऊ, इथेच परीक्षेत गुण जातात. एल म्हणजे रेणूची रचना, प्रकाशाची दिशा नव्हे. एल-अलानिन प्रकाश उजवीकडे वळवतं. हे करूनच दाखवा:

एल-अलानिन १० ग्रॅम, ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून १०० मिली करा. २ डेसिमीटरच्या नळीत, सोडियमच्या दिव्याखाली, सुमारे +२.९ अंश वाचन येईल. मग डीएल-अलानिन (दोन्ही रूपं निम्मी-निम्मी) तेवढंच घेऊन तसंच करा. वाचन शून्य. दोन्ही बाटल्यांवर सूत्र एकच, वजन एकच, निनहायड्रिनचा (अमिनो आम्लं जांभळी करणारं रसायन) रंगही एकच. साध्या पाण्यात करू नका, तिथे एल-अलानिनचा कोन इतका छोटा येतो की कॉलेजच्या पोलॅरीमीटरवर तो चुकीतच जमा होईल. नळीत बुडबुडा राहिला तर दृष्टिक्षेत्र धूसर दिसतं. तो फुगीर गळ्यात सरकवून घ्या. आम्ल तीव्र आहे, नळीच्या टोपणातला रबराचा वॉशर तपासा आणि वापरून झाल्यावर लगेच धुवा.

---

वस्तुमान_२८

मेदाम्लांची वाटणी राहिली. जीव मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी वाढवतात, म्हणून १४, १६, १८ असे सम आकडे उंच आणि १५, १७ बुटके. निर्जीव क्रियेत साखळी एकेक कार्बनने वाढते, आलेख गुळगुळीत उतरतो.

गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले रेणू वेगळे करणारं यंत्र) असलेल्या विभागात हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. शेंगदाणा तेल ०.१ ग्रॅम, हेप्टेन २ मिली, त्यात २ नॉर्मल मिथेनॉली पोटॅश (मिथेनॉलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ०.२ मिली. तीस सेकंद जोरात हलवा, थर वेगळे होऊ द्या, वरचा थर यंत्रात टोचा. १६ आणि १८ चे खांब दिसतील, मधे १७ चं नावही नाही. पोटॅशमध्ये पाणी शिरलं असेल तर साबण होतो, थर दुधाळ राहतात. मग तो नमुना फेका, तसाच टोचून कॉलम खराब करू नका.

शेजारी मेणबत्तीचं पॅराफिन हेक्झेनमध्ये पातळ करून चालवा. तिथे सम-विषमाचा भेद नाही, गुळगुळीत टेकडी. मुलं लगेच म्हणतील, हे निर्जीव. आणि तिथेच त्यांना थांबवा. पॅराफिन खनिज तेलातून येतं, खनिज तेल जुन्या जीवांपासून. जमिनीत लाखो वर्षं शिजल्यावर पायऱ्या झिजून गेल्या. नमुना नसणं म्हणजे जीव नसणं, असं होत नाही.

---

तापीखोरं

पॅराफिनचं फार आवडलं. आता कणांकडे येऊ. यान कण पकडतं म्हणजे काय करतं? आणि वेगाचं इतकं काय?

---

सातपुडा_पायथा

कण धातूच्या पत्र्यावर आदळतो, त्या आघातानेच त्याची वाफ आणि आयन होतात, आणि ते मोजले जातात. वेगळी बंदूक नाही, लेसर नाही. यानाचा वेग हेच हत्यार. म्हणून वेग चुकला की सगळं चुकतं. सेकंदाला ३ किमीच्या खाली आयन पुरेसे सुटत नाहीत. वेग फार वाढला की रेणूच फुटतात आणि मूळ अमिनो आम्ल होतं की त्याचे तुकडे, हे ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतल्या कामावरून अमिनो आम्लं आणि मेदाम्लांसाठी सेकंदाला ४ ते ६ किमी हा पट्टा बरा ठरला आहे. २०२३ मध्ये बर्फाचे कण झाडून केलेल्या प्रयोगात ४.२ किमीपर्यंत अमिनो आम्लं शाबूत राहिली.

आता ऑक्टोबर २०२५ च्या बातमीची गंमत. ते मोजमाप २००८ च्या फेरीचं, वेग जवळपास १८ किमी. इतक्या वेगात नाजूक रेणू फुटले, पण एक फायदा झाला: हळू आघातात पाण्याचे रेणू गोळा होऊन त्यांचे खांब सेंद्रिय खांबांना झाकतात, जोरदार आघातात ते गोळे जमत नाहीत. त्यामुळे एस्टर, ईथर अशा गटांचे तुकडे उघडे पडले. शिवाय ते कण भेगांतून नुकतेच निघालेले होते. शनीच्या ई-कड्यातले कण वर्षानुवर्षं किरणोत्सर्ग खात फिरतात, तेव्हा "हे रेणू समुद्रातले की किरणांनी बर्फातच बनवलेले" ही शंका राहते. ताज्या कणांत ती बरीच कमी होते.

---

केळीवाडी

एक गोष्ट इथेच सांगतो. फवाऱ्यातला कण म्हणजे समुद्राचा सरासरी नमुना नव्हे. शेवभाजीच्या पातेल्यात खालून बुडबुडा वर येऊन फुटला की शर्टावर उडते ती तर्री, तळाचा रस्सा नाही. तिथेही पाण्यावर सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर तरंगत असावा. बुडबुडे फुटले की तोच थर कणांवर बसून उडतो. म्हणून काही कण सेंद्रियांनी गच्च आणि मिठात गरीब, तर काही कणांत मीठ ०.५ ते २ टक्के. दोन्ही कण एकाच समुद्राचे. एका श्रीमंत कणावरून "समुद्रात इतकं सेंद्रिय" असा गुणाकार केला की आकडा भलताच फुगतो.

---

भुसावळ_यार्ड

बठ्ठं समजनं भो, पन मीठनं काय करानं? मिठाने तर सगळीच यंत्रं बिघडतात.

---

निनहायड्रिन

बरोबर दुखरी नस. आघाताच्या वाफेत सोडियम आधी आयन होतो आणि बाकीच्यांना संधी देत नाही. युरोपावर उतरून नमुना वितळवला तर मीठ रसायनांच्या क्रियाही अडवतं.

प्रयोगशाळेत दाखवायचं तर: वॉटमन १ चा कागद, खालून २ सेमीवर पेन्सिलने रेघ. पेनने नको, शाई द्रावकाबरोबर धावते. ग्लायसिन, अलानिन, ल्युसिन प्रत्येकी १ टक्का, २ मायक्रोलिटरचा ठिपका, ३ मिमीहून मोठा नको. तिघांच्या मिश्रणात ५ टक्के मीठ घालून शेजारी चौथा ठिपका. द्रावक ब्युटेनॉल, ॲसिटिक आम्ल, पाणी १२:३:५. द्रावक १५ सेमी चढायला चार-पाच तास. वाळवून निनहायड्रिन ०.२ टक्के ॲसिटोनमध्ये फवारा, १०५ अंशांवर पाच मिनिटं. द्रावक जितका चढला त्याच्या तुलनेत ठिपका किती चढला ते मोजा: ग्लायसिन ०.२६ च्या आसपास, अलानिन ०.३८, ल्युसिन ०.७३. मिठाच्या ठिपक्याची मात्र शेपटी ओढलेली दिसेल.

मीठ काढायला धन आयन विनिमय रेझिन, हायड्रोजन रूपातलं. १ मिली नमुन्यात ५ टक्के मीठ म्हणजे सुमारे ०.८६ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम. रेझिनची क्षमता मिलीला १.७ च्या आसपास, पण काठावर राहू नका, ३ मिली घ्या. नमुना सौम्य आम्लात करून ओता, १५ मिली पाण्याने धुवा, मग २ मोलर अमोनियाने अमिनो आम्लं उतरवा. सोडियम मागे राहतो. अमोनिया वॉटर बाथवर उडवून पुन्हा ठिपका द्या, शेपटी गेलेली असेल.

---

अमळनेर_ब्लँक

याच कागदावर एक पाचवी जागा ठेवा: कसलाही ठिपका नाही, फक्त रेघेवर उघड्या बोटाने दाबायचं. फवारल्यावर तिथे जांभळं दिसेल. बोटाच्या घामात सेरिन आणि ग्लायसिन भरपूर. आणि या द्रावकात सेरिन ग्लायसिनच्या जवळपास त्याच उंचीवर चढतं, म्हणजे वस्तुमान २८ चा बाक इथेही आहेच. बोटाचा डाग "अवकाशातलं ग्लायसिन" म्हणून खपून जाईल.

यानांच्या बाबतीत हाच धाक असतो. काचेची भांडी ५०० अंशांवर तापवून सेंद्रिय जाळून टाकतात. नायलॉनच्या पिशवीतून अमिनोकॅप्रोइक आम्ल सुटतं, तेही अमिनो आम्लच, म्हणून कोणती पिशवी कशाला लागली याची नोंद ठेवतात. जंतूंचा हिशोब वेगळा: युरोपासारख्या चंद्राच्या समुद्रात आपला जंतू जाण्याची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा कमी ठेवायची, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण मेलेला जंतूही अमिनो आम्लं मागे ठेवतोच. निर्जंतुक म्हणजे स्वच्छ नव्हे.

---

तापीखोरं

मुक्ताईनगरकडचा मानेगावचा अशनी, १८४३ चा, त्याचं नाव मुलं काढणारच. तो या विषयात चालेल का?

---

सातपुडा_पायथा

नाव सांगा, पण अमिनो आम्लांसाठी निरुपयोगी. तो डायोजेनाइट, वितळून घडलेला खडक, बहुधा व्हेस्टा लघुग्रहाच्या कुळातला. कार्बन शोधायचा तर कार्बनी कॉन्ड्राइट जातीचा अशनी हवा, १९६९ च्या मर्चिसनसारखा.

युरोपाबद्दल एवढंच: तिथे पृष्ठभागावर किरणोत्सर्ग इतका की वरचे रेणू टिकत नाहीत. मध्य आणि उच्च अक्षांशांत १ ते ३ सेमी खाली, सर्वांत मारक पट्ट्यात १० ते २० सेमी खाली गेलं तर अमिनो आम्लं वाचलेली असू शकतात, असा २०१८ चा हिशोब. क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, एप्रिल २०३० मध्ये पोचेल, ४९ फेऱ्या मारेल, पण उतरणार नाही. सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने उडालेले कण उडता उडता पकडेल. त्याचं धूलियंत्र धन आणि ऋण दोन्ही आयन मोजू शकतं. हे महत्त्वाचं, कारण मेदाम्लं ऋण बाजूला चांगली दिसतात आणि कॅसिनीचं यंत्र फक्त धन मोजायचं.

---

भुसावळ_यार्ड

कागदाचा प्रयोग मे महिन्यात घेतला तर? ४५ अंशांत द्रावक उडून नाही जाणार?

---

निनहायड्रिन

उडतो, आणि आकडे घसरतात. बरणीच्या आतून द्रावकात भिजवलेला फिल्टर पेपर चिकटवा, झाकणाला ग्रीस लावा, अर्धा तास तशीच ठेवा, मग कागद सोडा. सकाळी सातला सुरू केलं तर बारापर्यंत निघतो. कुलरच्या झोतात बरणी ठेवू नका, एक बाजू गार पडून द्रावकाची रेघ तिरपी चढते.

जुन्या पुस्तकात ४:१:५ प्रमाण दिसेल. त्यात दोन थर पडतात, वरचा वापरायचा. खालचा घेतला तर सगळे ठिपके वर पळतात. १२:३:५ मध्ये ही भानगड नाही.

---

अमळनेर_ब्लँक

आणि कागद कापतानाच चिमटा वापरा, ठिपके देताना नव्हे. तोवर उशीर झालेला असतो. पाचव्या जागेशेजारी सहावी जागा पूर्ण कोरी ठेवा. तिथेही जांभळं आलं तर बाकीच्या पाचही जागा वाचायच्या नाहीत, नवा कागद कापायचा.